शास्त्रीबुवांची कन्या : पंडिता रमाबाई

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हा भेद आमच्या घराघरांतून अजून सुटलेला नाही. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढावयाचे आणि मुलीच्या लग्नासाठी काढावयाचे, हा त्याच भेदाचा विस्तार होय. म्हणूनच दीडशे वर्षांपूर्वीच्या एका निर्धन शास्त्र्याच्या कुटुंबाची हकीकत आमच्या ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवावीशी वाटते. त्या कुटुंबातील धाकटी कन्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या धर्मांतराविषयी वाचकांत मतभेद असणार, हे आम्ही जाणतो. परंतु येथे आम्हांस पाहावयाचे आहे ते त्यांचे संगोपन.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे ह्यांच्यापाशी शिकले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांस नवल वाटले आणि आपल्या पत्नीसही शिकवावे असा त्यांनी निश्चय केला. घरच्या वडीलधाऱ्यांपुढे तो तडीस गेला नाही. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी विवाह केला व त्यांस शिकविले. (वयातील हे अंतर आज आम्हांस खटकते, आणि खटकावयासच हवे.) ह्या अपराधाबद्दल त्यांस उडुपी येथील पंडितांपुढे शास्त्राधार दाखवावे लागले. मग सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे झाले नाही तोच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि रमाबाई वेताच्या पेटाऱ्यातून डोंगर उतरल्या. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते. तेव्हा शिकविण्याचा भार मातोश्रींनी उचलला आणि सुमारे सात वर्षे वाहिला. थोरले बंधू श्रीनिवास ह्यांना संस्कृत, तसेच रमाबाईंनाही संस्कृत. पतीने पत्नीस दिलेली विद्या अशी मातेकडून कन्येस मिळाली. त्या काळी मुलीस अक्षरओळख झाली तरी वैधव्य येते अशी समजूत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या माउलीचे धैर्य कळते.

परंतु ह्याच घरात दोन मुलींच्या बाबतीतही एक रीत नव्हती, ही गोष्ट चरित्रकार फारशी बोलत नाहीत. थोरली कृष्णाबाई हिचा विवाह रूढीप्रमाणे बालपणीच झाला. जावयाने आपल्यापाशी राहून विद्या करावी, ही शास्त्रीबुवांची अट पाळली गेली नाही आणि मुलीच्या वाट्यास दुःख आले. त्या अनुभवाने पोळलेल्या पित्याने धाकटीचा विवाह लहानपणी केला नाही. रमाबाईंच्या विद्येमागे बहिणीचे हे दुर्दैव उभे आहे.

शास्त्रीबुवांच्या शिक्षणात एक मोठी उणीव होती, आणि ती मुलास व मुलींस सारखीच भोवली. पुराणे मुखोद्गत झाली, परंतु पोटापुरते मिळविण्याची विद्या कोणीच शिकले नाही. मजुरी करावी तर कुलाभिमान आड येई. १८७४ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात प्रथम पिता, मागोमाग माता आणि थोड्याच काळात कृष्णाबाई, अशी तिघे गेली. मातेच्या तिरडीस चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले. तिसरा खांदा मुलाने दिला आणि चौथा सोळा वर्षांच्या कन्येने. त्या ठेंगण्या होत्या, म्हणून तिरडीचा भार त्यांस डोक्यावर घ्यावा लागला. जो अधिकार रूढीने केवळ पुत्रास दिला, तो असा कन्येकडे आला.

पुढे बहीणभावंडे हजारो मैल पायी हिंडली. १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंस 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. कन्या मनोरमा जेमतेम वर्षाची होते तो १८८२ साली वैधव्य आले. पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढील साक्ष, इंग्लंड, अमेरिका, हा वृत्तांत वाचकांस परिचित आहेच.

उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पुत्रजन्माचा उत्सव आणि कन्याजन्माचा विषाद त्यांनी त्यात विस्ताराने वर्णिला असून ग्रंथ मातेच्या स्मृतीस अर्पण केला आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, ह्या कारणावरून १८९३ साली वाद माजला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी हितचिंतक दूर झाले. तो रोष निष्कारण होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या निराश्रित मुलींस आम्हां लोकांच्या किती घरांत जागा होती, हेही विचारले पाहिजे.

पुण्याजवळ केडगाव येथील मुक्तिसदनात १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो मुली आल्या. तेथे वाचन-लेखनाबरोबर विणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा आणि छापखान्यातील खिळे जुळविणे हेही शिकविले जाई. पित्याच्या शिक्षणात जे राहिले होते, ते कन्येने येथे पुरे केले असे आम्हांस वाटते.

मनोरमाबाईंस त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत शिकविले, आणि एरवी पुत्राकडे जावयाचा तो कार्यभार कन्येकडे सोपवावयाचा त्यांचा मानस होता. परंतु १९२१ साली मनोरमाबाई मातेच्या आधी गेल्या. पुढील वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला.