दरमहा ७५ रुपये

श्रीनिवास रामानुजन यांच्याविषयी आपण ऐकतो त्या कथा बहुधा चमत्काराच्या असतात. देवी स्वप्नात येते, सूत्रे सांगते आणि मद्रासचा एक कारकून केंब्रिजला पोचतो. गणिताचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र त्यांच्या चरित्रातील एक रूक्ष, कचेरीतला भाग अधिक मोलाचा वाटतो. संशोधनासाठी त्यांना पैसा कोणी दिला आणि कोणत्या नियमाने दिला?

२२ डिसेंबर १८८७ रोजी एरोड येथे त्यांचा जन्म झाला. बालपण कुंभकोणमला गेले. वडील कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत. शालेय यशामुळे तेथील सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, पण गणितावाचून दुसरे काही सुचेना. इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचयप्पा कॉलेजातूनही एफ. ए. पदरात पडली नाही. कागद परवडत नसे. म्हणून पाटीवर मांडायचे, कोपराने पुसायचे आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा.

१९१० च्या अखेरीस नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी वह्या पाहिल्या आणि काही काळ स्वतःच्या खिशातून दरमहा मदत केली. १९११ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात पहिला निबंध छापून आला. या परिषदेचे ग्रंथालय तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असे. पण दुसऱ्याच्या उपकारावर फार दिवस राहणे रामानुजनांना रुचले नाही. १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकुनी करू लागले.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. त्याआधी तेथीलच दोन नामवंतांकडून काही निष्पन्न झाले नव्हते. हार्डींनी ते सहकारी लिटलवुड यांच्यासह बारकाईने वाचले. फेब्रुवारीत वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले असता त्यांनीही ते काम पाहिले आणि या तरुणाला काही वर्षे निर्वेध वेळ द्यावा, असे विद्यापीठाला कळवले.

आता अडचण नियमाची होती. संशोधनवृत्ती एम. ए. झालेल्यांसाठी, आणि हा तर एफ. ए. नापास! पण अभ्यासमंडळाने शिफारस केली. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यातील तरतुदीनुसार अशी खास वृत्ती देता येईल, असा अर्थ रजिस्ट्रारांनी लावला. गव्हर्नरांची संमती घेतली. १ मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपये मिळू लागले. अट एकच: दर तिमाहीस कामाचा अहवाल. रामानुजनांनी असे तीन अहवाल सादर केले आणि १७ मार्च १९१४ रोजी मद्रास विद्यापीठाच्याच वार्षिक २५० पौंडांवर ते इंग्लंडला निघाले.

पुढचे आपण जाणतो. १९१६ मध्ये संशोधनावर केंब्रिजची पदवी, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, आणि याच काळात जडलेला आजार. जानेवारी १९१९ मध्ये विद्यापीठाने पुन्हा २५० पौंड देऊ केले. तेव्हा त्यांनी लिहिले की, आपला आवश्यक खर्च आणि आईवडिलांना वर्षाला ५० पौंड एवढे भागल्यावर उरणारी रक्कम गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी वापरावी. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले. अखेरच्या वर्षातील त्यांच्या गणितावर आजही अभ्यासक काम करीत आहेत.

आज आपल्यापैकी कित्येकजण संशोधन अनुदानासाठी अर्ज भरतात. पात्रता, टक्केवारी, प्रकाशने यांचे रकाने असतात. पैसा सार्वजनिक, इच्छुक अनेक; म्हणून स्पर्धा आणि नियम हवेतच. रामानुजनांनाही हिशेब द्यावा लागला आणि त्यांनी तो बिनतक्रार दिला. पण तो अर्ज पहिल्या रकान्यातच बाद होण्यासारखा होता. तो तरला, कारण काम समजणाऱ्याने ते प्रत्यक्ष वाचले आणि अपवादाची जबाबदारी घ्यायला कचेरीतली माणसे तयार झाली. अनुदानाच्या कोणत्याही योजनेत अशा वाचकाला आणि अशा अपवादाला जागा आहे का, हे आधी पाहावे, असे मला वाटते. आणि विद्यार्थीमित्रांनो, आपली वही मात्र तयार असली पाहिजे.