नोबेल हुकलं, पण मूलद्रव्यांच्या तक्त्यात नाव लागलं! लिझ माइटनर यांची कहाणी

लिझ माइटनर यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८७८ रोजी व्हिएन्नात झाला. ऑस्ट्रियात १८९७ पर्यंत विद्यापीठाची दारं मुलींना बंदच होती. लिझ यांनी खासगी अभ्यास करून प्रवेश परीक्षा बाहेरून दिली आणि १९०६ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

१९०७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तिथल्या रसायन संस्थेत बायकांना मज्जाव. मग तळघरातल्या सुतारकामाच्या जुन्या खोलीत, वेगळ्या दारानं ये-जा करत त्यांनी ऑटो हान यांच्यासोबत काम सुरू केलं. सुरुवातीची काही वर्षं तर बिनपगारी!

प्रत्येक मूलद्रव्याच्या अणुकेंद्रात प्रोटॉनची संख्या ठरलेली असते. लोखंडात २६, सोन्यात ७९, युरेनियममध्ये ९२. हा आकडा बदलला की मूलद्रव्यच बदलतं. पण भट्टीत कितीही तापवलं तरी तो बदलत नाही, थेट अणुकेंद्रावर मारा करावा लागतो. युरेनियमवर न्यूट्रॉन मारून ९२ च्या पुढचं नवं मूलद्रव्य मिळवायचं, यासाठी माइटनर, हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन काही वर्षं झटत होते.

माइटनर जन्मानं ज्यू. हिटलरच्या राजवटीत जीव धोक्यात आला. जुलै १९३८ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, पर्समध्ये फक्त १० मार्क घेऊन त्या जर्मनीतून निसटल्या आणि हॉलंडमार्गे स्वीडनला पोहोचल्या.

डिसेंबरमध्ये हान यांचं पत्र आलं. युरेनियममधून जड मूलद्रव्य मिळण्याऐवजी हलकं बेरियम निघत होतं. हे कसं काय, ते त्यांना उलगडेना. नाताळच्या सुट्टीत भाचे ऑटो फ्रिश यांच्यासोबत बर्फातून फिरताना माइटनर यांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर गणित मांडलं. बेरियम ५६, क्रिप्टॉन ३६. बेरीज बरोबर ९२! म्हणजे युरेनियमचा अणू चक्क दुभंगला होता आणि त्यातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडत होती. हेच अणुविखंडन. आजच्या अणुवीज केंद्रांचा पाया तोच.

१९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं. अणुबॉम्बच्या कामाचं बोलावणं माइटनर यांना आलं होतं, पण त्यांनी ठाम नकार दिला. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं.

१९८२ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट इथं शास्त्रज्ञांनी बिस्मथवर लोखंडाच्या अणुकेंद्रांचा मारा केला. ८३ अधिक २६, झाले १०९. नव्या मूलद्रव्याचा अवघा एक अणू हाती लागला. १९९७ मध्ये त्याचं नाव अधिकृत झालं, माइटनेरियम. हान यांच्या नावाचं मूलद्रव्य मात्र तक्त्यात आजही नाही.