नागझिऱ्याला आलेला माणदेशी माणूस

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी विभागाची सहल चोरखमाऱ्याला गेली. सर्वांना नवे ठिकाण हवे होते आणि सर्वांना नवे असलेले हे ठिकाण नेमके माझे आजोळ निघाले. तिरोडा तालुक्यातले हे लहानसे गाव, त्याला लागून इंग्रजी अमदानीतला मोठा तलाव, तलावामागे टेकड्या आणि टेकड्यांपलीकडे नागझिऱ्याचे जंगल. अभयारण्यात शिरण्याची जी काही फाटके आहेत त्यांतले एक इथे आहे. लहानपणी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी इथेच काढल्या. तलावाच्या पाळीवर गलोल घेऊन हिंडणे हा आम्हा पोरांचा मुख्य उद्योग. पाण्यात डोंगा ढकलणारे ढिवर, पाण्यावर स्थिर उभा राहून एकदम सूर मारणारा खंड्या, हिवाळ्यात उतरणारी बदके, हे सारे मी पाहिले होते. पण पाहिले म्हणजे काय, डोळ्यांसमोरून गेले होते इतकेच.

सहलीत सकाळी उघड्या जीपमधून जंगल पाहिले. चितळ दिसले, वानरे दिसली, रानगव्यांचा एक कळप रस्ता ओलांडून गेला. वाघ दिसला नाही. परतताना सगळ्यांची तोंडे उतरली होती. एकाने पैसे पाण्यात गेल्याचे बोलून दाखवले, दुसऱ्याने दोष वाटाड्यावर ढकलला. मला राग आला, कारण तो वाटाड्या माझ्या ओळखीचा होता आणि वाघ काही त्याच्या खिशात नव्हता. दुपारी पाळीवर शिदोऱ्या सुटल्या तेव्हा सरांनी सहज विचारले की, व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' कोणी वाचले आहे? एकही हात वर झाला नाही. माझाही नाही! ज्या जंगलाच्या दारात मी वाढलो त्यावर मराठीतला एवढा मोठा लेखक पुस्तक लिहून गेला आणि मला त्याचा पत्ता नव्हता. 'बनगरवाडी' मात्र मी परीक्षेपुरती वाचली होती. परत आल्यावर ग्रंथालयातून ते पुस्तक घेतले, मग त्यांची आणखी काही घेतली. त्यातून हा माणूस मला जसा दिसला तसा इथे मांडतो आहे. २८ ऑगस्ट २००१ रोजी ते गेले, तेव्हा आज वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्यांपैकी कोणी जन्मालाही आले नव्हते.

व्यंकटेश दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १९२७ सालचा. गाव माडगूळ, आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात, त्या वेळी औंध संस्थानात. वडील संस्थानच्या नोकरीत होते. गीतरामायणकार ग. दि. माडगूळकर हे त्यांचे थोरले बंधू. माणदेश म्हणजे सातारा, सांगली, सोलापूर यांच्या सीमेवरचा कोरडा मुलूख. माण नदी नावाला नदी, एरवी वाळूचा पट्टा. आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना हे डोळ्यांपुढे आणणे कठीण जाते. आमच्याकडे दर दोन कोसांवर तलाव, बोड्या, धानाच्या बांध्या; वैनगंगेचे पात्र तर उन्हाळ्यातही डोळे निववते. तिकडे मेंढरे, बाभळी, निवडुंग आणि मैलोन् मैल उघडे माळरान. पण उघड्या माळावर एक गोष्ट असते. तिथे लांबवर हललेले काहीही दिसते. ससा उठला, तितर उडाला, लांडगा कळपाकडे वळला, तर धनगराच्या डोळ्यांतून ते सुटत नाही. धनगरांच्या संगतीत आणि रानात हिंडण्यात माडगूळकरांचे बालपण गेले. पुढे त्यांच्या लेखनात जे डोळे दिसतात ते तिथेच तयार झाले असावेत असे मला वाटते.

शाळेशी त्यांचे फारसे जमले नाही. १९४२ च्या चळवळीत ते ओढले गेले आणि शिक्षण सुटले ते सुटलेच. चित्रकलेचा मात्र नाद होता, आणि तो जन्मभर टिकला. इंग्रजी वाचायला ते स्वतःच्या हिमतीवर शिकले. आपल्यापैकी जे इंग्रजीच्या पेपरात दरवर्षी अडखळतात (त्यात मीही आहे) त्यांनी हे ध्यानात घ्यावे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तिची झळ माडगूळकरांच्या घरालाही लागली. 'वावटळ' या कादंबरीला तोच अनुभव आधार आहे. १९४९ साली 'माणदेशी माणसे' आले आणि मराठी ग्रामीण कथेचा सूरच पालटला. तोवर खेडे म्हणजे एक तर विनोदाला जागा, नाहीतर रम्य देखावा. माडगूळकरांनी माणसे होती तशी आणली, आवाज न चढवता. १९५५ मध्ये 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने निघाली. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, वाडीत जीव गुंतवतो आणि दुष्काळात ती वाडी उठून जाताना पाहतो. एवढीच गोष्ट, पण ती इतर भाषांतही गेली आणि १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. त्याच १९५५ साली माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर गेले. शेतकऱ्यांसाठी आणि खेड्यांसाठी होणाऱ्या कार्यक्रमांचे काम त्यांनी तिथे वर्षानुवर्षे केले. नाटके लिहिली, चित्रपटकथा लिहिल्या. त्यांची नुसती यादी द्यायची तर अंकाची चार पाने जातील, म्हणून ती सोडून देतो.

मला सांगायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या छंदाविषयी. शहरात नोकरी करणारा हा माणूस सवड मिळाली की रानात जाई. आरंभी हातात बंदूक असे. आज हे वाचून आपल्याला धक्का बसतो. पण त्या काळी शिकार ही प्रतिष्ठित हौस होती आणि जंगलात जायचे ते त्यासाठीच, अशीच समजूत होती. जंगलांचे शिकारीसाठी भाग पाडलेले असत, परवाना मिळे, आणि मोठे पाहुणे आले की गावातले लोक हाका घालायला जात. आमचे नागझिऱ्याचे रानही याला अपवाद नव्हते. माडगूळकरांनी आपले शिकारीचे दिवस लपवले नाहीत, त्यांवर लिहिले. पण पुढे बंदूक सुटली. ती एका दिवसात सुटली नसावी. वाचता वाचता मला असे जाणवले की, जनावराच्या मागे जाण्यासाठी जे कसब लागते, म्हणजे माग ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहणे, तासन् तास न हलता बसणे, ते कसब त्यांना जनावर मारण्याहून अधिक प्रिय झाले. मग शेवटची गोळी तेवढी अनावश्यक ठरली. कसब तेच राहिले, हातात वही आणि पेन्सिल आली.

काळही पालटत होता. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, त्याच वर्षी देशात वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याआधी १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर हा संशोधक आपल्यापासून फार लांब नसलेल्या कान्हाच्या रानात राहून वाघ आणि हरणे यांचा अभ्यास करून गेला होता. जनावरे राहतात कशी, खातात काय, भांडतात का, हे त्यांच्यात राहून नोंदवायचे, असा हा नवा मार्ग होता. मराठीत ती दृष्टी ललित लेखनात आणणाऱ्यांमध्ये माडगूळकर अग्रभागी आहेत.

ते नागझिऱ्याला आले तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. पुण्याहून निघून महाराष्ट्राचे जवळजवळ दुसरे टोक गाठायचे, तेही कसले देऊळ नाही, किल्ला नाही, लग्नकार्य नाही अशा ठिकाणी! आमचा गोंदिया जिल्हा तेव्हा झाला नव्हता. तो १ मे १९९९ चा. हा सारा मुलूख त्या वेळी भंडारा जिल्ह्यात मोडे. रानाच्या मध्यभागी तलाव आणि काठाशी विश्रामगृह, विजेचा दिवा नाही. तिथे ते राहिले. दिवस उगवला की हिंडायचे, पाणवठ्याशी बसायचे, पाहिलेले टिपून ठेवायचे, जमल्यास रेखाटायचे. रात्री कंदिलाच्या उजेडात आवाज ऐकत पडायचे. पुस्तकात घटना म्हणाव्या अशा थोड्याच आहेत. वाघाच्या मागे धावाधाव नाही. जे समोर येईल त्याचे स्वागत आहे. खारीपासून रानगव्यापर्यंत सगळ्यांना तिथे सारखाच मान आहे, आणि पहिली तीस-चाळीस पाने वाचून मी कंटाळलो होतो हे कबूल केले पाहिजे. मग पुढे केव्हातरी माझे वाचणे आपोआप सावकाश झाले. जीपमधल्या आमच्या चार तासांची मला तेव्हा पुन्हा आठवण झाली. गव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता तेव्हा आम्ही तो पाहत नव्हतो, तो संपण्याची वाट पाहत होतो.

एवढे मात्र खरे की, त्यांना मिळाली ती मोकळीक आज कोणाला मिळणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प झाला. आता ठरल्या वेळी फाटक उघडते, ठरल्या रस्त्याने जीप जाते, खाली उतरायचे नाही. हे नियम जनावरांच्या हिताचे आहेत यात शंका नाही. पण माडगूळकरांसारखे बसणे शिकायचे तर आता तलावाची पाळच उरली आहे.

त्याच काळात आमच्याच भागात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. दोघांचा स्नेह होता. एक माळरानातून आलेला, दुसरा सोलापूरकडचा, आणि दोघांनाही लिहिते ठेवले ते झाडीपट्टीच्या रानाने. माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, चितमपल्ली २००६ साली सोलापूरच्या. चितमपल्ली तर अगदी अलीकडे, १८ जून २०२५ रोजी गेले.

जंगलात बसून पाहण्याचा हा छंद माडगूळकरांना कुठवर घेऊन गेला ते 'सत्तांतर'मध्ये कळते. ही १९८२ ची छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे. टोळीवर नवा नर चाल करून येतो, जुन्याला हुसकावतो आणि लहान पिल्लांना ठार करतो. हे काल्पनिक नाही. सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या वर्षांत धारवाडजवळ वानरांमध्ये हा प्रकार नोंदवला होता, आणि सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर त्याचा पुढे अभ्यास केला. माडगूळकरांनी त्यात माणसाचे राजकारण वरून चिकटवले नाही. वानरे वानरेच राहिली आणि तरी वाचणाऱ्याला माणसे आठवल्याशिवाय राहत नाहीत. या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माझी एक तक्रार आहे, ती लिहितो. माडगूळच्या माणसांना त्यांनी जसे अमर केले तशी आमची माणसे 'नागझिरा'त भरून आलेली नाहीत. हे तलाव खोदणारे कोहळी, रानातल्या पाऊलवाटा ज्यांच्या तळपायांना पाठ आहेत ते गोंड, मोहफुले वेचायला पहाटे निघणाऱ्या बाया, यांच्यावर त्यांच्या लेखणीने काय केले असते! पण ते इथे पाहुणे होते आणि पाहुण्याने किती पाहावे यालाही मर्यादा असते. ते काम खरे तर आमचे आहे.

सुट्टीत पुस्तक घेऊन मी चोरखमाऱ्याला गेलो. माझ्या आजोबांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. तरुणपणी ते हाक्याला जात, हे मला ऐकून माहीत होते, पण त्याविषयी ते कधी बोलत नसत. संध्याकाळी ओसरीवर मी त्यांना 'नागझिरा' वाचून दाखवू लागलो. पहिल्या दिवशी ते झोपी गेले. दुसऱ्या दिवसापासून मध्येच थांबवू लागले; अमुक झाड त्या बाजूला नाही, तमुक पाखराला आपण वेगळे म्हणतो, अशा दुरुस्त्या सुरू झाल्या. मला त्यांच्या तोंडून अशी पाखरांची नावे मिळाली की जी मी गलोल मारताना कधी विचारली नव्हती. ती मी वहीत उतरवून घेतली, सत्तावीस झाली.

पुस्तक संपत आले तेव्हा त्यांनी विचारले की, या माणसाने कधी जनावर मारले होते का? मी सांगितले की मारले होते आणि मग सोडून दिले. आजोबा बराच वेळ गप्प बसले. आजीने दिवा लावला, जेवणाची हाक दिली, तरी ते उठले नाहीत. मग त्यांनी एका सांबराची हकीकत सांगितली. कोणा पाहुण्याची गोळी त्याच्या पोटात लागली होती आणि पाहुणे जेवायला परत गेले होते. रक्ताचा माग काढायला आजोबांना एकट्याला पाठवले होते. दिवस मावळेपर्यंत ते त्याच्यामागे चालले. शेवटी ते तलावाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात उभे सापडले. आजोबांच्या हातात कुऱ्हाड होती.