वलवणच्या वाटेवरचे गुणेसर

आठवीत असताना पाऊस उघडल्यावर शाळेनं आपल्याला कैवल्यधामला नेलं होतं. दोन-दोनच्या रांगेत, वलवणच्या रस्त्यानं चालत. तिथे आसनं दाखवली आणि मग आपल्याला करायला सांगितली. माझे हात काही केल्या अंगठ्यापर्यंत पोचेनात आणि मागच्या रांगेतल्या तुम्ही सगळ्या खिदळलात! आपलं अंग म्हणजे लाकूड, एवढंच मी त्या दिवशी घरी घेऊन आले.

ते ठिकाण कुणी उभारलं हे मी वाचलं ते थेट चाळिशीत. दिवसभर संगणकासमोर बसून कंबर धरली, डॉक्टरांनी योगासनं सुचवली, तेव्हा.

स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883, गुजरातेतल्या डभोईचा. घरची गरिबी, शिक्षण दुसऱ्यांच्या मदतीवर. पण संस्कृत उत्तम. 1903 साली मॅट्रिकला त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं. अमळनेरला शिक्षक झाले. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले.

योगामुळे शरीरात नेमकं काय घडतं, हा प्रश्न त्यांना पडला. इथे अडचण होती. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. दुसरा कुणी ही उणीव उगाळत बसला असता. गुणेसरांनी आपल्याजवळ काय आहे ते पाहिलं: जुने ग्रंथ मुळातून वाचता येतात, क्रिया स्वतः करता येतात आणि शिकवता येतं. एवढं एकत्र असलेला डॉक्टर तेव्हा शोधूनही सापडणं कठीण होतं. जे आपल्याजवळ नाही, ते त्यांनी डॉक्टरांकडून आणि यंत्रांकडून घेतलं.

1920 नंतर लगेचच बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकावर मोजलं. बस्तीत पाणी आपोआप वर का चढतं, याचा उलगडा त्यातून झाला.

ऑक्टोबर 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक काढलं, म्हणजे प्रयोग जगासमोर तपासायला ठेवले. गांधीजींनीही प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. 1950 च्या सुमारास योगाचं महाविद्यालय निघालं. 18 एप्रिल 1966 ला ते गेले, तोवर मावळातल्या या पावसाळी गावाचं नाव परदेशातल्या अभ्यासकांपर्यंत पोचलं होतं.

हे वाचलं आणि मला माझी नोकरीतली पहिली दहा वर्षं आठवली. सभेत बोलायला मी घाबरायचे. ते सुधारायला किती शिबिरं केली! सुधारणा बेताचीच. किचकट चूक शांतपणे शोधून काढणं मला जमतं, हे मात्र माझ्या लेखी कौतुकाचं नव्हतंच. शेवटी बोलणारा सहकारी सोबत घेतला, मी शोधत राहिले, आणि आमचं काम मार्गी लागलं. थोडंफार बोलायलाही त्यातूनच शिकले.

मागच्या महिन्यात मुलीची गुणपत्रिका आली. सवयीनं माझं बोट आधी सर्वांत कमी गुणांवर गेलं. तिनं ते पाहिलं आणि मान खाली घातली. मला माझी आठवी आठवली. मी बोट उचललं, चित्रकलेवर ठेवलं आणि तिची वही मागितली. दीड तास ती बोलत होती. गणिताचा विषय मग तिनंच काढला.

बाई, सर, तुम्हीही कधीतरी माझ्या गणिताच्या वहीवर असंच बोट ठेवलं होतं. तेव्हा सांगायचं राहिलं, ते आज सांगते. त्यावरच मी उभी आहे.

आणि मैत्रिणींनो, परवाच्या मेळाव्यात बघाच. हात अंगठ्यापर्यंत अजूनही पोचत नाहीत. खुशाल खिदळा!