मार्कोनी

पेणमध्ये उभे राहून हाक मारली, तर ती रोह्यात ऐकू येईल का? नाही. मग अटलांटिक महासागरापार संदेश कसा गेला?

गुलिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. तारेशिवाय संदेश पाठवण्याचा त्यांना ध्यास लागला. रेडिओलहरी सरळ जातात आणि पृथ्वी तर गोल. त्या समुद्रापार पोहोचणार नाहीत, असे विद्वान म्हणत.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंड बेटावर सोसाट्याचा वारा सुटला होता. मार्कोनींनी तार बांधलेला पतंग उडवला आणि ते कानाला यंत्र लावून बसले. इंग्लंडहून पाठवलेले तीन टिक् टिक् आवाज आले! पण ऐकणारे दोघेच, ते आणि त्यांचा मदतनीस. लोकांनी शंका घेतली. काही अभ्यासक ती आजही घेतात.

मार्कोनी वाद घालत बसले नाहीत. १९०२ मध्ये जहाजातून प्रवास करताना त्यांनी इंग्लंडचे संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले आणि कप्तानाला साक्षीदार केले. रात्री संदेश कितीतरी दूर जातात, हेही तेव्हाच कळले. वातावरणाच्या वरच्या थरावरून लहरी खाली परततात, हे कारण पुढे समजले.

१९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९२७ मध्ये आपल्या पुण्याजवळच्या खडकीहून लघुलहरींवर इंग्लंडला तारा जाऊ लागल्या. २० जुलै १९३७ रोजी मार्कोनी रोममध्ये वारले.