स्वाभिमानी कलावती : हेझल स्कॉट

मुलांनो, तुम्ही कव्वाली ऐकली असेल. कव्वालासमोर पेटी असते. तिच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. पियानोलाही अशाच पट्ट्या असतात. पण त्या ८८ असतात. पेटी भात्याच्या हवेवर वाजते. पियानोची पट्टी दाबली, की आतली लहानशी हातोडी तारेवर पडते आणि स्वर उमटतो. या वाद्यावर जगभर नाव मिळवणाऱ्या एका स्त्रीची ही गोष्ट आहे. तिचे वादन मोठे होतेच. पण तिने दिलेला नकारही तितकाच मोठा होता. तो कसा, ते आता पाहू.

हेझल स्कॉटचा जन्म ११ जून १९२० रोजी वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर झाला. तिची आई अल्मा पियानो शिकवत असे. कोणी चुकीचा स्वर वाजवला, की छोटी हेझल ओरडू लागे. आजी एक भजन गुणगुणत असे. तीन वर्षांच्या हेझलने ते नुसते ऐकून पियानोवर वाजवले. घरातील सारे थक्क झाले. १९२४ साली आई तिला घेऊन अमेरिकेत न्यूयॉर्कला आली.

न्यूयॉर्कमध्ये जूलियार्ड ही संगीताची नामांकित संस्था आहे. तिथे प्रवेशासाठी वयाची सोळा वर्षे पूर्ण असावी लागत. हेझल होती अवघी आठ वर्षांची! तिने तिथे रशियन संगीतकार राखमानिनोव्ह यांची एक अवघड रचना वाजवली. तिची बोटे लहान होती. दूरच्या दोन पट्ट्या एकाच वेळी दाबणे तिला जमेना. म्हणून तिने जवळचे, पण शोभतील असे स्वर घेतले. अडचणीतून तिने स्वतःच वाट काढली. तिथले प्राध्यापक ऑस्कर वॅग्नर यांनी तिचे गुण ओळखले आणि तिला शिकवण्याचे कबूल केले.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात रचना कागदावर लिहिलेली असते. वादक ती लिहिल्याप्रमाणे वाजवतो. जॅझ हे संगीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी घडवले. त्यात वादक ऐन वेळी नवे स्वर गुंफतो. कव्वाल एकच ओळ दरवेळी निराळ्या ढंगाने फुलवतो ना, काहीसे तसेच. हेझलला दोन्ही विद्या येत होत्या. ती आधी बाख किंवा शोपँ यांची रचना अगदी शांतपणे, नियमाप्रमाणे वाजवी. मग हळूच ताल बदले आणि तीच रचना जॅझच्या लयीत नाचू लागे! १९३९ पासून न्यूयॉर्कच्या ‘कॅफे सोसायटी’ या क्लबमध्ये ती वाजवू लागली. तिथे गोरे आणि कृष्णवर्णीय श्रोते शेजारी शेजारी बसत. त्या काळी अमेरिकेत असे ठिकाण दुर्मीळ होते. थोड्याच वर्षांत हेझल स्कॉट हे नाव घरोघरी पोहोचले.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. तरीही भेदभाव संपला नव्हता. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, बसण्याच्या जागा वेगळ्या. सभागृहातही त्यांना वेगळे बसवत. ज्या कलावंतासाठी लोक टाळ्या वाजवत, त्याच्याच बांधवांना ते शेजारी बसू देत नसत! हेझल स्कॉट यांना हे मान्य नव्हते. श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवल्यास आपण वाजवणार नाही, अशी अटच त्या करारात घालत.

अट घालणे सोपे असते, मुलांनो. ती पाळताना नुकसान सोसावे लागते. १९४३ साली एका चित्रपटात कृष्णवर्णीय स्त्रियांना मळके एप्रन घालून उभे करायचे ठरले. हेझल यांनी काम थांबवले. तीन दिवस चित्रीकरण बंद पडले. शेवटी एप्रन गेले. पण पुढे चित्रपटाचे दरवाजे त्यांना जवळजवळ बंदच झाले. १९४५ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये वाजवण्याची परवानगी त्यांना केवळ वर्णामुळे नाकारण्यात आली. १९४८ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात श्रोत्यांना वेगवेगळे बसवले होते. हेझल यांनी वाजवण्यास साफ नकार दिला आणि त्या शहर सोडून गेल्या. १९४९ साली वॉशिंग्टन राज्यातील पास्को गावी एका उपाहारगृहात त्यांना जेवण नाकारले. त्यांनी न्यायालयात दावा लावला आणि १९५० साली तो जिंकला. भरपाई मिळाली फक्त २५० डॉलर. पण न्याय मिळाला, हे महत्त्वाचे.

त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांना दूरचित्रवाणीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळाला. असा मान मिळालेल्या अमेरिकेतील पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी त्या एक. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. त्या वेळी अमेरिका आणि रशिया यांच्यात तेढ होती. अनेक कलावंतांवर कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतला जाई. जून १९५० मध्ये अशा १५१ जणांच्या नावांचे एक पुस्तक निघाले. त्यात हेझल यांचेही नाव होते. त्या गप्प बसल्या असत्या, तर कदाचित वादळ टळले असते. पण २२ सप्टेंबर १९५० रोजी त्या आपण होऊन संसदेच्या चौकशी समितीपुढे गेल्या. त्यांनी आरोप नाकारला. पुराव्याशिवाय लोकांची नावे यादीत घालणे अन्यायाचे आहे, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडले. आठवड्याभरातच त्यांचा कार्यक्रम बंद झाला. अमेरिकेतील कामेही कमी होत गेली.

तरी त्यांनी पियानो सोडला नाही. १९५५ साली चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या नामवंत जॅझ वादकांसोबत त्यांनी एक सुंदर ध्वनिमुद्रिका काढली. १९५७ साली त्या पॅरिसला राहायला गेल्या. मायदेशापासून दूर असूनही तिथल्या बांधवांना त्या विसरल्या नाहीत. १९६३ साली समान हक्कांसाठी पॅरिसमधील अमेरिकन वकिलातीकडे मोर्चा गेला. त्यात त्या सामील झाल्या. १९६४ साली अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. १९६७ साली हेझल अमेरिकेला परतल्या. जुनी कीर्ती मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही. २ ऑक्टोबर १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांनो, हेझल स्कॉट यांनी थोडे नमते घेतले असते, तर त्यांना अधिक पैसा आणि अधिक मान मिळाला असता. पण त्यांच्या सुरांचा आनंद घेताना कोणाचा अपमान व्हावा, हे त्यांना नको होते. उद्या तुमच्या वर्गात कोणी एखाद्या मुलाला जातीमुळे, धर्मामुळे किंवा गरिबीमुळे वेगळे बसवू लागले, तर तुम्ही काय कराल? हेझल यांची आठवण ठेवा आणि त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसा.