विश्लेषण : शरीर जादा सेरोटोनिन कसे आवरते? अ‍ॅक्सेलरॉड यांनी काय शोधले?

नैराश्यावरील अनेक गोळ्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. त्या कशा चालतात आणि कधी अंगलट येतात, हे समजण्याची वाट अमेरिकी संशोधक ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांच्यामुळे मोकळी झाली.

कोण होते अ‍ॅक्सेलरॉड?

१९१२ मध्ये न्यूयॉर्कमधील गरीब ज्यू स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील टोपल्या विणत. ज्युलियस यांना डॉक्टर व्हायचे होते; पण वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला. मग जीवनसत्त्वे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. तेथे अमोनियाची बाटली फुटून डावा डोळा गेला. १९४८ मध्ये बर्नार्ड ब्रॉडी यांच्यासह त्यांनी पॅरासिटामॉलचा वेदनाशामक गुण दाखवला. पीएचडी मिळाली ती मात्र चाळिशीनंतर, १९५५ मध्ये.

त्यांचा शोध काय?

निरोप पोहोचवून झाला की चेतापेशींतील रसायन विकरे मोडून टाकतात, असा तेव्हा समज होता. नॉरअ‍ॅड्रेनालिनवरील प्रयोगांतून अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवले, की चेतापेशी सोडलेले रसायन पुन्हा आत ओढून घेतात. १९७० मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळाले.

सेरोटोनिनचे काय होते?

तेही असेच परत घेतले जाते. काही पुन्हा साठवले जाते, उरलेले मोनोअमाइन ऑक्सिडेज (एमएओ) हे विकर मोडते आणि अवशेष लघवीवाटे बाहेर पडतो. १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले फ्लुओक्सेटिन ही परतीची वाट अडवते.

धोका कधी?

एका औषधाने वाट अडवली आणि दुसऱ्याने विकरही रोखले, तर सेरोटोनिन साचते. थरथर, घाम, ताप, धडधड, स्नायूंना झटके, संभ्रम अशी लक्षणे दिसतात. यालाच सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. तो जिवावरही बेतू शकतो. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, लिनेझोलिड हे प्रतिजैविक किंवा खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फनही यात भर घालू शकते.

उतार किती वेळात?

कारणीभूत औषध थांबवल्यावर सौम्य लक्षणे बहुधा २४ तासांत ओसरतात. फ्लुओक्सेटिन मात्र शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून ते बंद केल्यावर एमएओ रोखणारे औषध सुरू करण्यापूर्वी किमान ५ आठवडे थांबतात. गोळ्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत.

२००४ मध्ये अ‍ॅक्सेलरॉड यांचे निधन झाले. डॉक्टर होण्याची संधी नाकारलेल्या या माणसाचे काम आज जगभरातील डॉक्टरांच्या चिठ्ठीत उतरले आहे.